ब्रीमसाठी काठी कुठली घ्यावी? (सॉफ्ट प्लास्टिक, सिडनी, बजेट २५० डॉलर)

वेंगुर्ल्याचो_झील | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल सांभाळून घ्या.

माझं लहानपण वेंगुर्ल्याचं. आजोबांबरोबर मांडवीच्या खाडीवर गरवायला जायचो. काठीबिठी काही नव्हतं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, टोकाला गरी, गरीला सोललेली कोलंबी. आजोबा तंगूस तर्जनीवरून सोडून बसायचे. आपल्याला काही कळायच्या आत त्यांना कळलेलं असायचं की खाली कोणीतरी तोंड लावलंय.

आता चार वर्षं सिडनीत आहे, पॅरामॅटाजवळ. शनिवारी मेडोबँकला नदीकाठी फिरायला जातो. तिथे पोरं पेन्सिलीएवढ्या जाड काठ्या घेऊन बोटभर लांबीचे रबरी मासे (सॉफ्ट प्लास्टिक म्हणतात त्यांना) फेकत असतात. परवा एकाने मासा काढला. बघतो तर आमचा पालूच! तोच गोल पाठीचा, काटेरी पंखाचा, रागीट चेहऱ्याचा. त्याने सांगितलं, ब्रीम.

मग काय, दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि सगळ्यात दणकट दिसली ती काठी घेतली. १२ फुटी. सोबत ६००० नंबरचं रील. रबरी मासा लावून जोरात फेकला तर तो माझ्याच बुटाजवळ पडला. दहा वेळा फेकला. शेजारी एक म्हातारा चिनी गृहस्थ उभा होता, त्याने तोंड फिरवून हसून घेतलं.

आता नवीन घ्यायची आहे. काठी आणि रील मिळून २५० डॉलर. नदीकाठावरूनच मासेमारी, बोट नाही. किती लांब, किती जाड, कुठली? आणि मोठा मासा लागला तर बारीक काठी मोडणार नाही ना?

---

चिंगूळ | शनिवार, रात्री १०:०५

२५० डॉलरमध्ये फिशमार्केटमधून किती ब्रीम येतील याचा हिशेब केलात का? 😄

असो. धागा रंगणार. खुर्ची टाकून बसलोय.

---

काठीवाला_काका | शनिवार, रात्री ११:२०

झीलभाऊ, एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका. काठी माशाकडे बघून घ्यायची नसते, फेकायच्या वजनाकडे बघून घ्यायची असते. मी न्यूकॅसलला वीस वर्षं आहे. तुमच्यासारखीच पहिली काठी मीही घेतली होती. सगळेच घेतात.

काठी वाकली तरच फेकते. तुमची १२ फुटी काठी किनाऱ्यावर उभं राहून ८०-१०० ग्रॅमचं शिसं लाटांच्या पलीकडे टाकायला बनवलेली आहे. ब्रीमचा जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी, असतो १/१६ औंसाचा, म्हणजे पावणेदोन ग्रॅम. उथळ पाण्यात १/२४, सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. खोल पाण्यात किंवा ओढ जास्त असेल तर १/८, साडेतीन ग्रॅम. वर अडीच इंची प्लास्टिकचं वजन धरा. सगळं मिळून चिमूटभर. एवढ्या वजनाने तुमची काठी वाकणारच नाही. बैलगाडीला मांजर जुंपल्यासारखं झालं ते.

आता आकडे. दुकानात काठीच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, '२-४ किलो' किंवा '१-३ किलो'. हा माशाच्या वजनाचा आकडा नाही. किती ताकदीची दोरी लावायची त्याचा आहे. अमेरिकन काठीवर तेच '४-८ पाउंड' दिसेल, जपानी काठीवर नुसतं 'एल' किंवा 'यूएल' (लाइट, अल्ट्रालाइट). काही काठ्यांवर फेकायचं वजनही ग्रॅममध्ये दिलेलं असतं. तुमच्यासाठी १ ते ७ किंवा २ ते ८ ग्रॅमच्या आसपासचं बघा. हा आकडा छापलेला असेल तर आधी हाच वाचा, बाकी नंतर.

काठावरून फेकणार तर लांबी ७ फूट. २-४ किलो, ग्रॅफाइट. फायबरग्लास चिवट असतं, पण त्यातून हाताला फारसं काही कळत नाही. आणि सॉफ्ट प्लास्टिकमध्ये सगळा खेळ कळण्याचाच आहे.

ब्रीमचं तोंड पाहिलंत? पुढे खुंट्यांसारखे दात, मागे दाढा. कालवं फोडून खाणारा मासा. पण रबर घेताना तो फोडत नाही, चाखतो. शेपटी धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. हाताला 'टुक' एवढंच येतं, आणि तेही बहुतेक वेळा प्लास्टिक खाली बुडत असताना. म्हणून फेकल्यावर लगेच गुंडाळायला लागू नका. बुडू द्या, दोरीकडे डोळे लावून बसा. बुडता बुडता दोरी मध्येच थांबली किंवा बाजूला सरकली की समजा.

तुमच्या आजोबांची तर्जनी आठवा. तेच काम ही काठी करते, फक्त बोट ७ फूट लांब झालेलं असतं.

रील १००० ते २५०० नंबरचं. शिमानो घ्या, दाइवा घ्या, याच मापात. २५० पैकी १४०-१५० काठीला, ७०-८० रीलला, उरलेले दोरीला. दोरीत काटकसर करू नका. उद्या लिहितो, झोप येतेय.

---

मेल्बर्नची_मनी | रविवार, सकाळी ८:१५

काकांशी नव्वद टक्के सहमत. पण ७ फुटांवर एवढा जोर का?

मी व्हिक्टोरियात काळा ब्रीम पकडते. तुमच्याकडचा पिवळ्या परांचा, आमच्याकडचा काळा. सख्खे चुलत भाऊ. मी बहुतेक वेळा कायाकमधून असते, तिथे साडेसहा फुटी काठीच बरी. काठावरून जाते तेव्हाही डोक्यावर झाडं असतात. ७ फुटी काठी मागे नेली की फांदीत. झीलभाऊंना मोकळा घाट असेल तर ७, झाडीत शिरणार असतील तर साडेसहा. उगाच वेद असल्यासारखा आकडा सांगू नये.

आणि 'वाक' राहिला. काका त्यावर बोललेच नाहीत. दोन काठ्या दोन्ही २-४ किलोच्या असतील, पण एक टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शातच वाकेल आणि दुसरी निम्म्यापर्यंत. पहिलीला फास्ट ॲक्शन म्हणतात. सॉफ्ट प्लास्टिकला एकच गरी असते, ती त्या टणक तोंडात घुसवायला थोडा ताठपणा लागतो. शिवाय मनगटाचा झटका लगेच खालपर्यंत पोचायला हवा. म्हणून फास्ट. तेच दोन तिहेरी गऱ्यांचा लाकडी किंवा कडक प्लास्टिकचा मासा ओढणार असाल तर मऊ, निम्म्यापर्यंत वाकणारी बरी, नाहीतर गरी तोंड फाडून सुटते. दुकानदार दोन्हीला 'ब्रीम रॉड' म्हणून विकतो. तुम्ही विचारून घ्या.

अवांतर: माझी पहिली ग्रॅफाइटची काठी माशाने मोडली नाही. छतावरच्या पंख्याने मोडली. दिवाणखान्यात 'कशी वाकते' ते नवऱ्याला दाखवत होते.

---

उरणचा_उनाड | रविवार, सकाळी ९:००

पंखा 😂😂

---

काठीवाला_काका | रविवार, सकाळी ११:४५

मनीताई, सपशेल मान्य. झाडीतला मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही, मी कायम धक्क्यावर उभा असतो. पण झीलभाऊ मेडोबँकला उभे राहणार. तिथे मोकळं आहे आणि समोर खडक, कालवं. काठी लांब असली की दोरी त्या कालवांच्या धारेवरून उचलून धरता येते. अर्ध्या फुटाने फरक पडतो.

आता दोरी. दुकानात 'ब्रेड' मागा. पाव नव्हे, विणलेली दोरी. (तसा पावही चालतो म्हणा. ब्रीमला पाव इतका आवडतो की बरीच जुनी मंडळी गरीला पावाचा गोळाच लावतात.) विणलेली दोरी ताणली जात नाही, त्यामुळे तो 'टुक' तसाच बोटापर्यंत येतो. साधी तंगूस रबरासारखी ताणते, त्यात निम्मा निरोप वाटेतच विरतो. ६ पाउंडाची घ्या. पुढे ६ पाउंडाचाच फ्लुरोकार्बनचा लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा, गरी बांधायचा तुकडा), निदान एक-दीड काठीएवढा लांब. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं आणि कालवांवर घासलं तरी विणलेल्या दोरीपेक्षा बराच वेळ तग धरतं. जोडायला डबल युनि गाठ शिका. एफजी गाठ जास्त बारीक होते, काठीवरच्या दोरी ओवायच्या कड्यांतून सुळकन निघते, पण वाऱ्यात थरथरत्या हातांनी बांधायची म्हणजे शिव्याच सुचतात.

'मोठा मासा लागला तर?' याचं उत्तर काठीत नाही, रीलच्या ड्रॅगमध्ये आहे. ड्रॅग म्हणजे रीलचा घसरता ब्रेक. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की दोरी आपोआप सुटते. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढा ब्रेक ठेवायचा. ६ पाउंड म्हणजे २.७ किलो, म्हणजे ब्रेक ७०० ते ९०० ग्रॅम. घरी करून बघा. पाऊण लिटर पाणी भरलेली बाटली जमिनीवर ठेवा, दोरी बांधा, काठी वाकवून बाटली उचला. बाटली जेमतेम उचलली जाऊन लगेच दोरी सरकायला लागली तर ब्रेक बरोबर. (पंखा बंद करून.)

अशा काठीवर मी तीन किलोचा मासा काढलाय. दहा मिनिटं लागली, काठीला काही झालं नाही. काठी मोडते ती गाडीच्या दारात, नाहीतर मासा पायाशी आल्यावर काठी सरळ आकाशाकडे उभी धरली की. तेव्हा सगळा भार टोकावर येतो. मासा जवळ आला की काठी आडवी ठेवा आणि जाळीने उचला.

---

वेंगुर्ल्याचो_झील | रविवार, दुपारी २:३०

बापरे! एवढं कोणी दुकानात सांगितलं असतं तर. आभार काका, मनीताई.

शंका १: दुकानात १२० डॉलरची एक आणि ३५० डॉलरची एक, दोन्ही ७ फुटी, २-४ किलो. फरक काय?

शंका २: एकसंध घ्यावी की दोन तुकड्यांची? दुकानदार म्हणतो एकसंधच घ्या, दोन तुकड्यांत 'जिवंतपणा' राहत नाही.

शंका ३: पालू आणि ब्रीम खरंच एक का?

---

कोलंबीपुत्र | रविवार, दुपारी ४:१०

शंका ३ माझ्याकडे. एक नाहीत, पण एकाच कुळातले. सिडनीचा अकँथोपॅग्रस ऑस्ट्रॅलिस, मेल्बर्नचा अकँथोपॅग्रस बुचेरी, आपल्या सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांतला पालू अकँथोपॅग्रस बर्डा. आडनाव तेच, नाव वेगळं. तिघेही खाडीत राहतात, खारं आणि मचूळ पाणी दोन्ही चालतं. आणि गंमत म्हणजे यांच्यातले बरेच मासे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणून मोठा ब्रीम सोडून द्यावा असं जाणकार म्हणतात, अंडी घालणाऱ्या त्याच असतात.

---

मेल्बर्नची_मनी | रविवार, संध्याकाळी ६:००

शंका १: पैसे जातात वजनात आणि कड्यांत. महाग काठी हाताला हलकी लागते, दिवसभर फेकल्यावर मनगटाला फरक कळतो. पण तुम्ही नवशिके, दोन तास फेकणार. १२० ची घ्या. ३५० ची काठी पहिल्या वर्षी घेणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी समुद्रावर घर घेणं. शिवाय जितकं ग्रॅफाइट महाग तितकं बऱ्याचदा ठिसूळ. एकदा दगडावर आपटलं की चीर दिसतसुद्धा नाही, पुढच्या माशाला काडकन जाते.

दुकानात काय बघायचं ते सांगते. आपलं रील काठीला लावा आणि रीलच्या किंचित पुढे काठी एका बोटावर तोला. टोक जमिनीकडे जोरात झुकत असेल तर सोडून द्या, दिवसभर मनगट ते टोक उचलत बसेल. मग काठी बंदुकीसारखी डोळ्याला लावून बघा, सगळी कडी एका रेषेत आहेत का. सेकंडहँड घेत असाल तर कापसाचा बोळा प्रत्येक कड्यातून फिरवा. कापूस अडकला, धागा ओढला गेला, म्हणजे आत चीर आहे आणि ती तुमची विणलेली दोरी कापणार. फुजी कंपनीची कडी असतील तर बरं, पण नसली म्हणून काठी वाईट नाही.

आणि दुकानात हाताने टोक धरून वाकवून बघू नका. दुकानदार काही बोलणार नाही, मनात मात्र बरंच बोलेल.

---

लोकलमधला_गळ | रविवार, रात्री ८:२०

शंका २: 'जिवंतपणा' वगैरे दुकानदाराचं काव्य. पूर्वी सांध्याजवळ काठी कडक लागायची हे खरं. हल्लीच्या चांगल्या दोन तुकड्यांच्या काठीत मला डोळे मिटून फरक कळत नाही.

माझ्याकडे गाडी नाही. मी स्ट्रॅथफील्डहून ट्रेनने हॉक्सबरी रिव्हर स्टेशनला जातो, उतरलं की नदी समोरच. एकसंध ७ फुटी काठी घेऊन भरलेल्या डब्यात उभं राहून बघा. एकदा एका बाईच्या अंबाड्यात टोक अडकलं होतं. दोन स्टेशनं आम्ही दोघं सॉरी-सॉरी म्हणत होतो. तेव्हापासून दोन तुकडे. सांधा मात्र दर तासाला चाचपा, फेकून फेकून सैल होतो. मी एकदा पुढचा अर्धा भाग प्लास्टिकबरोबर नदीत फेकला होता. दोरीला अडकला म्हणून परत आला.

---

उरणचा_उनाड | रविवार, रात्री ९:१०

तुमचं सिडनी चालू दे, पण माझा प्रश्न. मी उरणला असतो. हीच २-४ किलोची काठी इथे खाडीवर चालेल का? मला जिताडा हवाय.

---

काठीवाला_काका | रविवार, रात्री १०:००

उरणचे, जिताड्याला ही काठी दाखवू नका, तो हसेल. जिताडा म्हणजे ऑस्ट्रेलियातला बारामुंडी, लेट्स कॅल्करिफर. इथे क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरीत त्याच्यासाठी लोक विमानाने जातात. तो लागला की खारफुटीच्या मुळांत घुसतो, आणि तिथून ओढून काढायला दम असलेली काठी लागते. १५-२० पाउंडांच्या वर दोरी आणि तशीच काठी. तांबोशीचंही तेच. लागल्या क्षणी बिळात.

पालू, शेंगाळा, छोटी तांबोशी यांच्यासाठी २-४ किलो मजेशीर. पण खाडीत खाली काय आहे ते आधी बघा. नुसत्या गाळात हलका जिगहेड रुतून बसतो.

---

गाळसाळ | सोमवार, सकाळी ७:३०

सगळे काठीवर बोलताय, पण झीलभाऊंना मासा खायचाय का ते कोणी विचारलंच नाही. खायचा असेल तर मेडोबँक विसरा.

सिडनी हार्बर ब्रिजच्या पश्चिमेकडे, म्हणजे अख्ख्या पॅरामॅटा नदीत पकडलेलं काहीही खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. होमबुश बेच्या गाळात तिथल्या जुन्या रासायनिक कारखान्यांचं डायॉक्सिन बसलंय. ते गाळातल्या किड्यांत, मग माशांत आणि मग आपल्यात. २००६ मध्ये तर सगळ्या हार्बरमधली व्यावसायिक मासेमारीच बंद केली. पुलाच्या पूर्वेकडचे मासेही मोजूनमापून खायला सांगतात. नदीकाठी पाट्या आहेत, पण शनिवारी तिथे बादल्या भरून नेणारे मी पाहिलेत.

पकडा, फोटो काढा, सोडा. त्याला ना नाही.

दुसरं, लायसन्स. इथे 'मनोरंजनासाठी मासेमारीचं शुल्क' म्हणतात. ३ दिवसांचे ७ डॉलर, महिन्याचे १४, वर्षाचे ३५, तीन वर्षांचे ८५. सरकारच्या सर्व्हिस एनएसडब्ल्यू साइटवर पाच मिनिटांचं काम. १८ वर्षांखालच्यांना लागत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये ब्रीम २५ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही, आणि माणशी दिवसाला १०. मोजायची पट्टी खिशात ठेवा.

---

वेंगुर्ल्याचो_झील | सोमवार, सकाळी ८:०५

हे वाचून पोटात गोळा आला. गेल्या महिन्यात शेजाऱ्याने दिलेला एक ब्रीम आम्ही रवा लावून तळला होता. कुठून आणला हे विचारलंच नाही. बायकोला हा धागा दाखवत नाही.

मग खाण्यासारखा कुठे मिळेल? गाडी एकच आणि ती शनिवारी बायकोकडे.

---

लोकलमधला_गळ | सोमवार, सकाळी ९:३०

एका माशाने काही होत नाही, घाबरू नका. सवय लावू नका एवढंच.

कोमो. रेडफर्नला गाडी बदला, कोमो स्टेशनला उतरा, खाली जॉर्जेस नदी. पुलाचे खांब, खडक, धक्के. ब्रीमला असल्याच जागा आवडतात. मोकळ्या पाण्यात फेकू नका. सावलीत, खांबाला चिकटून, होड्यांच्या दोरखंडांजवळ टाका. पहाटेची भरती असेल तर उत्तम.

---

चिंगूळ | सोमवार, दुपारी १:००

प्लास्टिकचा रंग कोणता? भाच्याने मला ४० पाकिटं पाठवलीत, सगळी गुलाबी. 😐

---

मेल्बर्नची_मनी | सोमवार, संध्याकाळी ७:४५

रंगावर भांडणं होतात, त्यात पडत नाही. माझ्यापुरतं: गढूळ पाण्यात गडद, स्वच्छ पाण्यात काचेसारखा आरपार, त्यात थोडी चमकी. गुलाबी पण चालतो, टाकून देऊ नका.

त्यापेक्षा महत्त्वाचं, वेगवेगळ्या जातीची प्लास्टिकं एका डब्यात ठेवू नका. ती लांब ताणली जाणारी, कधी न फाटणारी एक जात असते, टीपीईची. ती साध्या पीव्हीसीच्या प्लास्टिकला चिकटून राहिली की दोन्ही वितळतात. मी उन्हाळ्यात गाडीत डबा विसरले. उघडला तर आत हलव्याची वडी. बत्तीस डॉलरची. मधूनमधून शेपट्या डोकावत होत्या.

---

वेंगुर्ल्याचो_झील | पुढचा रविवार, रात्री ८:३०

मंडळी, वृत्तांत.

काठी घेतली. ७ फूट, दोन तुकडे, २-४ किलो, फास्ट, १२९ डॉलर. दुकानात बोटावर तोलून बघितली, डोळ्याला लावून बघितली. दुकानदाराने विचारलं, "पूर्वी काठ्या बनवायचात का?" रील २५०० चं, ८० ला. ब्रेड, लीडर, जिगहेड, दोन पाकिटं प्लास्टिक धरून २६८. बजेट अठरा डॉलरने फुटलं, ते घरी वीस म्हणून सांगितलं.

शुक्रवारी रात्री बाटली उचलून ड्रॅग लावला. मुलगी विचारते, "बाबा, बाटली पकडतोय?"

शनिवारी पहाटे पहिल्या गाडीने कोमो. पहिल्याच फेकीत प्लास्टिक एवढं लांब गेलं की मीच दचकलो. काठीला आपण काही करावंच लागत नाही, नुसतं मनगट. १२ फुटीला दोन्ही खांदे लागायचे.

पहिला तास काहीच नाही. मी फेकून लगेच गुंडाळत होतो. मग काकांचं आठवलं, बुडू दिलं. पुलाच्या खांबाजवळ टाकलं, दोरी पाण्यावर सैल पडली, हळूहळू खाली जात होती आणि मध्येच थांबली. अजून तळ आला नसणार एवढं कळत होतं. तर्जनी दोरीवरच होती. एकदा टुक. मी थांबलो. आजोबा म्हणायचे, "वायच थांब, तोंड लावता हा." पुन्हा टुक, आणि मग ओढ. काठी टोकाला वाकली, रील कर्रर्र वाजलं, मासा खांबाच्या दिशेने निघाला. मी काठी आडवी करून त्याला वळवला. हे सगळं अर्ध्या मिनिटात आटपलं असेल, पण पाय लटपटत होते.

ब्रीमच. पट्टीवर ठेवला, २३ सेंटिमीटर. दोन कमी. सोडला. जाताना शेपटी अशी मारली की चष्म्यावर पाणी.

नंतर एक चपट्या डोक्याचा मासा आला, फ्लॅटहेड. ४१ भरला. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, डस्की आहे, ३६ ते ७० मधला ठेवता येतो. गालावरचा काटा बोटात घुसला तेही त्यांनीच दाखवलं, जरा उशिराच. तो घरी आणला. तिखलं केलं, तिरफळं आईने दिलेली होती. आईला व्हिडिओवर ताट दाखवलं. ती म्हणाली, "पालू खंय हा?" म्हटलं, सोडला, लहान होता. तिला पटलं नाही. हातात आलेला मासा कोण सोडतं?

१२ फुटी काठी विकायला काढली आहे. समुद्रावर जाणाऱ्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

---

काठीवाला_काका | रविवार, रात्री ९:१५

वा! पहिल्याच दिवशी ब्रीम. मला दोन महिने लागले होते. १२ फुटी विकू नका, जून-जुलैत किनाऱ्यावर लागेल.

जिगहेड किती गेले?

---

वेंगुर्ल्याचो_झील | रविवार, रात्री ९:२२

सात. त्यातले तीन एकाच कालवाच्या दगडात.

---

काठीवाला_काका | रविवार, रात्री ९:३०

१/८ लावला होता ना? त्या दगडासाठी १/२४ घ्या. आणि दगड लक्षात ठेवा, ब्रीम तिथेच असणार.